राजधानीच्या वाटेवरचा मुलूख

धुळ्याच्या बाजारपेठेतील मुख्य रस्त्यास आग्रा रोड म्हणतात, आणि त्या नावात अतिशयोक्ती यत्किंचितही नाही. कापडाची, भांड्यांची आणि सराफांची दुकाने दुतर्फा घेऊन चाललेला हा रस्ता म्हणजे मुंबईहून निघून नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर असे टप्पे घेत, तापी ओलांडून, सातपुडा चढून, इंदूर-ग्वाल्हेरवरून खरोखरच आग्र्यास पोहोचणाऱ्या प्राचीन राजमार्गाचा गावात शिरलेला भाग होय. माझे बालपण या रस्त्यावर गेले आणि पुढे नोकरीची सारी वर्षे जळगावात, दिल्लीच्या लोहमार्गाकाठी, गेली. त्यामुळे राजधानी कितीही दूर असली, तरी ती आपल्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे ही जाणीव मला भूगोलाच्या पुस्तकाआधीच झाली होती.

राजधानी पाहावयास जाण्याच्या हौसेविषयी काही रसिक प्रवासी नाके मुरडतात. त्यांच्या मते खरा देश खेड्यांत आणि तीर्थांत असतो. राजधानी म्हणजे कचेऱ्या, पहारे आणि मोटारींचे ताफे. तेथे अर्जदाराने जावे, प्रवाशाने नव्हे. हे मत मला कधीच पटले नाही. काशीत आपण यात्रेकरू असतो, हंपीत अवशेषांपुढे मूक झालेले प्रेक्षक असतो आणि जयपुरात कोण्या राजकुळाचे पाहुणे असतो. परंतु प्रजासत्ताकाच्या राजधानीत पाऊल ठेवणारा माणूस, मग तो साक्री तालुक्यातला शेतमजूर का असेना, तेथील दगडादगडाचा हक्कदार असतो. परक्या गावात हिंडण्याचे कुतूहल आणि आपल्या मिळकतीवर फिरण्याचे समाधान हे दोन्ही भाव एका वेळी मनात नांदावेत, असे राजधानीखेरीज दुसरे स्थळ मला ठाऊक नाही. आणि ज्या मुलखाने राजधानीला शतकानुशतके केवळ फौजांच्या आणि फर्मानांच्या रूपानेच पाहिले, त्या खानदेशातील माणसाला तर हा आनंद अधिकच उत्कटतेने भोगता येतो.

कारण खानदेशचा मध्ययुगीन इतिहासच मुळी दिल्लीच्या एका देणगीपासून सुरू होतो. इ. स. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा नावाच्या सरदारास थाळनेर आणि करवंद हे परगणे बहाल केले. पुढे बारा वर्षांनी दिल्लीचा दरारा ओसरताच मलिक राजा स्वतंत्र झाला आणि शिरपूरजवळचे, तापीकाठचे थाळनेर हे एका राज्याची राजधानी बनले. आज थाळनेरला जावे तर किल्ल्याच्या पडक्या तटबंदीचे अवशेष, खाली संथ वाहणारे तापीचे विशाल पात्र आणि फारुकी घराण्यातील पुरुषांच्या कबरी एवढेच भेटते. त्या कबरींपैकी एका अष्टकोनी वास्तूवरील नक्षीकाम डोळे भरून पाहावे असे आहे. परंतु तेथे येणारे प्रवासी विरळाच. मलिक राजाचा पुत्र नासीरखान याने असीरगड घेतला, तापीकाठीच बुऱ्हाणपूर वसविले, आणि राजधानी तिकडे गेल्यावर थाळनेरचे वैभव हळूहळू मावळले. राजधानीपण ही वस्तू किती चंचल आहे हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने दिल्लीस जाण्यापूर्वी एक दुपार थाळनेरला अवश्य घालवावी.

जळगावहून दिल्लीकडे निघणारी गाडी भुसावळ सोडून ईशान्येस वळली की सावदा, रावेर या स्थानकांच्या दोहों बाजूंस केळीच्या बागा सुरू होतात. मैलोगणती पसरलेली ती गर्द हिरवाई पाहताना, सातपुड्याच्या पायथ्याची काळी माती आणि विहिरींचे पाणी यांनी किती पिढ्यांचे संसार उभे केले हे मनात येते. अशाच एका प्रवासात रावेरकडील एक वयस्क बागायतदार माझ्या समोरच्या बाकावर होते. सारे त्यांना नाना म्हणत होते. मी राष्ट्रपती भवनाविषयी, लाल किल्ल्याविषयी बोलत असता त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गुरुजी, ते सारं मी पाहीनच, पण आधी मला आझादपूर पाहू द्या. माझ्या बापानं वॅगनी भरून दिल्या, मी दिल्या. माल उतरतो कुठं, ते आमच्या घरात अजून कोणी पाहिलं नाही.”

या वाक्याने मी अंतर्मुख झालो. रावेर-सावद्याचा हिरवा माल कित्येक दशके आगगाडीने दिल्लीस जात आला आहे. घड कापावयाचा, माल फुटू-दबू न देता डब्यात रचावयाचा, आणि नर्मदा, बेतवा, चंबळ ओलांडून तो राजधानीच्या आझादपूर मंडईत पोहोचला की तेथे पिकवून विकला जावयाचा. दिल्लीतील कित्येक घरांत मूल प्रथम जे फळ कुस्करून खाते ते आमच्या तापीकाठचे असण्याचा संभव मोठा, आणि तरीही ते पिकविणाऱ्या कुटुंबातील पहिला माणूस आज ते शहर पाहावयास निघाला होता. ज्या नात्याने नाना दिल्लीस चालले होते, ते नाते कोणत्याही सनदेत लिहिलेले नाही; परंतु फिरोजशाहाच्या देणगीपेक्षा ते मला अधिक भरीव वाटते.

बुऱ्हाणपूर मागे पडल्यावर गाडी सातपुड्याच्या खिंडीत शिरते. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेस उतरण्याची ही परंपरागत वाट, आणि तिच्यावर पहारा ठेवणारा गड म्हणजे असीरगड. स्वतः अकबर बादशहा या गडाखाली वेढा घालून बसला होता, आणि १६०१ च्या जानेवारीत गड हाती आल्यावर फारुकींचे दोन शतकांहून अधिक काळ टिकलेले राज्य संपले. खानदेश हा मोगली सुभा झाला. बादशहाने तो आपला पुत्र दानियाल याच्या हवाली केला आणि त्याच्या नावावरून आमच्या प्रांतास दानदेश असे नवे नाव दिले. ते नाव कागदोपत्री काही काळ राहिले आणि विरून गेले. बुऱ्हाणपूर मात्र मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मोठे ठाणे बनले. शाहजहानची बेगम मुमताजमहल १६३१ मध्ये वारली ती याच गावात, आणि तिचा देह पुढे आग्र्यास नेण्यात आला. ताजमहालापुढे उभ्या राहणाऱ्या किती लोकांना ठाऊक असते, की त्या शोकाचा आरंभ तापीच्या तीरावर झाला होता?

खानदेशातून दिल्लीस जाणाऱ्याने आग्र्यास उतरून फत्तेपूर सिक्रीला जावे, हा माझा आग्रह याचसाठी आहे. अकबराची ही सोडून दिलेली राजधानी लाल दगडाच्या शांततेत उभी आहे, आणि तिच्या मशिदीस असलेला बुलंद दरवाजा आपल्या नावास सर्वस्वी जागतो. वाटाडे तेथे सर्वांना जगाच्या अशाश्वततेविषयी येशूच्या नावाने कोरलेले वचन दाखवितात. माझी नजर मात्र दुसरा लेख शोधत होती. मला फारसी येत नाही. परंतु त्या लेखाचा अनुवाद मी वाचून गेलो होतो. दक्षिण आणि पूर्वी खानदेश म्हटला जाणारा दानदेश बादशहाने जिंकला, असा त्याचा आशय आहे. आवारातील एका वृद्ध मौलवींना मी विचारले तेव्हा त्यांनी कमानीजवळ येऊन, मान वर करून, बोटाने हवेत रेघ ओढीत अक्षरे दाखविली आणि ‘खानदेस’ हा शब्द सावकाश उच्चारला. त्या वळणदार, एकमेकांत गुंतलेल्या लिपीत माझ्या मुलखाचे नाव दगडात बसलेले होते, आणि ते जिंकलेल्या वस्तूंच्या यादीत होते.

तेथे उभे असता मनात विषाद दाटून आला नाही, आश्चर्य दाटले. चार शतकांपूर्वी ज्या प्रांताचे नाव विजयाच्या शिलालेखात पराजित म्हणून कोरले गेले, त्या प्रांतातील एक शाळामास्तर आपल्या पैशाने तिकीट काढून, कोणाचीही परवानगी न मागता, त्या लेखाखाली उभा राहून तो वाचून घेत होता. बादशहाला याची कल्पनाही करता आली नसती. आपणही काही सदैव पराजितांच्या पंक्तीत नव्हतो, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १७३७ मध्ये पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने दिल्ली घेतली आणि लष्कराच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरविले. पुढे महादजी शिंद्यांच्या काळात तर बादशाहीचा कारभारच मराठ्यांच्या हाती आला, तो १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली जिंकीपर्यंत. या पराक्रमाचा अभिमान मलाही आहे. तरी दिवाण-इ-खासमधील त्या छताच्या जागेकडे पाहताना मला वाटले, की राजधानीत फौजेबरोबर जाणारा माणूस ती कधी पाहतच नाही. तिच्याकडून काय घ्यावयाचे एवढेच त्याला दिसते. पाहण्याचा आनंद निःशस्त्र माणसाचाच आहे.

याच वाटेवर, आग्र्याच्या आधी, चंबळ ओलांडण्याच्या सुमारास धोलपूर लागते. त्या परिसरातील खाणींचा दगड नव्या दिल्लीच्या इमारतींस गेला आहे. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा पंचम जॉर्जने केली, आणि लट्येन्स व बेकर या वास्तुशास्त्रज्ञांनी रायसिना टेकडीवर व तिच्या पायथ्याशी आखलेल्या नगराचे १९३१ मध्ये उद्घाटन झाले. ते सरळ रस्ते आणि आखीव चौक पाहून इतर महाराष्ट्रीयांना काही वाटो, धुळेकरास ते सर्वस्वी अपरिचित वाटत नाहीत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर खानदेशात आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने जिल्ह्याच्या कारभारासाठी धुळे हे ठिकाण निवडले, ते मुलखाच्या मध्यभागी आणि या आग्र्याच्या रस्त्यावर होते म्हणून. कचेऱ्या बांधविल्या, व्यापाऱ्यांना व कारागिरांना उत्तेजन देऊन वसविले, आणि जुन्या गावाशेजारी समांतर, सरळ गल्ल्यांची नवी पेठ आखली. त्या गल्ल्यांना आम्ही आजही क्रमांकांनीच ओळखतो. नगर आखून वसविता येते हा धडा आमच्या गावाने नव्या दिल्लीच्या जवळजवळ एक शतक आधी गिरविला होता.

आणि आता ती जागा सांगतो, जिच्यासाठी मी दिल्लीस पुनःपुन्हा जातो. इंडिया गेटकडून रायसिना टेकडीकडे जाणारा जो प्रशस्त मार्ग पूर्वी राजपथ म्हटला जाई आणि २०२२ पासून कर्तव्यपथ म्हटला जातो, त्यावरून सकाळच्या उन्हात पायी चालावे. दूरवर राष्ट्रपती भवनाचा घुमट, त्याखालची स्तंभांची रांग, दोन्ही बाजूंस सचिवालयांच्या इमारती, असे भव्य चित्र समोर असते. परंतु जसजसे आपण विजय चौकाच्या जवळ जातो, तसतसे ते भवन टेकडीच्या चढामागे बुडू लागते. प्रथम पायऱ्या दिसेनाशा होतात, मग स्तंभ, आणि अखेरीस चौकात उभे राहिले की त्या तीनशे चाळीस खोल्यांच्या प्रासादाचा केवळ माथा तेवढा चढाच्या वर उरतो. चढून वर गेल्यावर तो पुन्हा संपूर्ण प्रकटतो. या चढावरून लट्येन्स आणि बेकर यांच्यात कायमचे वितुष्ट आले. आपल्या रचनेची हानी झाली असे लट्येन्सला आयुष्यभर वाटत राहिले. मला मात्र तो दोष कधीच वाटला नाही. व्हाइसरॉयासाठी बांधलेले ते घर, पायी येणारा नागरिक जवळ पोहोचताच नजरेआड होते आणि चढ चढण्याचे श्रम केल्यावरच पुन्हा भेटते, ही घटना लोकशाहीच्या प्रासादास शोभणारीच आहे.

त्या चढावर उभे असता जळगावकराच्या मनात प्रतिभाताई पाटील यांचे नाव आल्यावाचून राहत नाही. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव हे त्यांचे जन्मगाव; जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात त्या शिकल्या, १९६२ मध्ये जळगावातूनच प्रथम विधानसभेवर निवडून गेल्या आणि २००७ मध्ये भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून या भवनात राहावयास आल्या. राजकारणातील मतभेद मी येथे बाजूस ठेवतो. बुलंद दरवाजावर जिंकलेला प्रांत म्हणून ज्याची नोंद आहे, त्या प्रांताच्या एका खेड्यात जन्मलेली स्त्री प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च आसनावर पाच वर्षे होती, ही वस्तुस्थिती त्या शिलालेखाचे उत्तर म्हणून माझ्या मनात कायमची कोरली गेली आहे.

संसदेचे जुने वर्तुळाकार भवन, १४४ स्तंभांचे, येथून जवळच आहे. १९२७ च्या जानेवारीत त्याचे उद्घाटन झाले. त्याच महिन्यात, इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर काही दिवसांतच, धुळ्यात त्यांनी जमविलेल्या कागदपत्रांच्या रक्षणासाठी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राज्याची दफ्तरे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. समाजाची दफ्तरे, गावोगावच्या रुमालांतून उपसलेली, आमच्या धुळ्यात आहेत. ज्याने दोन्ही पाहिली त्यालाच राष्ट्राच्या स्मृतीचा आवाका कळतो, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो.

संसदेच्या याच जुन्या भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा प्रथम बसली. त्याच्या दहा वर्षे आधी, १९३६ च्या डिसेंबरात, यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, पंडित नेहरू अध्यक्ष, आणि देशाची घटना देशाच्याच प्रतिनिधींच्या सभेने करावी ही मागणी तेथे निक्षून मांडली गेली. धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी अपार कष्ट उपसले. त्या अधिवेशनाच्या नगराची सजावट गांधीजींच्या इच्छेवरून नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या खेड्यातल्याच साध्या साधनांनी केली होती, आणि पुढे संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पृष्ठे चित्रांनी अलंकृत केली तीही याच नंदलालांनी व त्यांच्या शिष्यांनी. ती प्रत संसदेच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे. फैजपूरच्या मातीत उभ्या राहिलेल्या बांबूंच्या कमानी काळाबरोबर नाहीशा झाल्या. तेथील मागणी आणि त्या कमानी रचणारा हात, दोन्ही मात्र दिल्लीत त्या एका ग्रंथात एकत्र आले. हे कळल्यापासून त्या गोल भवनाकडे मी कधीच परक्याच्या नजरेने पाहू शकलो नाही.

आणखी एक योग सांगावासा वाटतो. १९५२ मध्ये अमळनेरला मराठी साहित्य संमेलन झाले आणि १९५४ चे दिल्लीत. त्याचे उद्घाटन नेहरूंनी केले, आणि अध्यक्ष होते धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरला जन्मलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. सात दशकांनी २०२४ चे संमेलन पुन्हा अमळनेरला झाले आणि त्यापुढचे, २०२५ च्या फेब्रुवारीत, पुन्हा दिल्लीत, तालकटोरा मैदानाच्या परिसरात, जेथे १७३७ मध्ये बाजीरावाच्या स्वारांची बादशाही फौजेशी चकमक झाली होती. ज्या भूमीवर मराठी घोडी दौडली, त्या भूमीवर ग्रंथांची दालने मांडलेली पाहणे हा राजधानीने मराठी माणसाला दिलेला मोठा सन्मान आहे.

नानांबरोबर मी आझादपुरास गेलो होतो. पहाटेची थंडी, ट्रकांची रीघ, हमालांच्या आरोळ्या आणि कोलाहलात एका गाळ्यापुढे रचलेली केळी. नाना वाकले, एका फणीचा देठ त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला, चीक पुसला, आणि गाळ्यावरच्या माणसास हिंदीत विचारले, हा माल कोठला? “रावेर का है, चाचा,” तो म्हणाला. नाना त्या माणसाच्या शेजारी बाकावर बसले, दोघांनी चहा घेतला आणि तासभर भाव, वाहतूक, पिकवणीच्या खोल्या यांविषयी बोलले. त्यानंतर पाहिलेल्या एकाही स्मारकापुढे नाना इतका वेळ थांबले नाहीत, आणि त्यांचे ते वागणे मला सर्वथा योग्य वाटले.

जळगाव-धुळ्याच्या शाळांतील मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की सहली वणी-वेरूळपर्यंत जातात त्या जाव्यात. परंतु नववी-दहावीच्या मुलामुलींना एकदा तरी राजधानी दाखवावी, आणि तिकडे नेण्यापूर्वी थाळनेर, फैजपूर व राजवाडे मंडळ दाखवावे. दिवाळीनंतरची सुट्टी किंवा फेब्रुवारीचा आरंभ उत्तम. मे महिन्यात जाऊ नये. राष्ट्रपती भवनासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. संसदेच्या प्रेक्षक कक्षात बसावयाचे असेल तर आपल्या खासदारांकडे वेळेवर अर्ज करावा, कारण ते आपलेच प्रतिनिधी आहेत. जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते. तो दिवस फत्तेपूर सिक्रीसाठी ठेवावा, आणि बुलंद दरवाजावरील तो लेख मुलांना कोणाकडून तरी वाचून घ्यावयास लावावा.